वाचकांचे प्रश्न: मिशनवर गेलेल्या आजी-आजोबांचा नाताळ

मागच्या अंकात अमेरिकेतल्या युटा राज्यामधल्या निवृत्त जोडप्यांबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, की नोकरी संपली की घराला कुलूप लावून मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या चर्चच्या कामासाठी, म्हणजे मिशनवर, दीड-दोन वर्षं परदेशात निघून जातात, त्यावर इतके मेसेज आणि मेल आले की ह्या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. बहुतेकांनी नाताळाबद्दलच विचारलंय, कारण सणाच्या दिवशी म्हातारी माणसं घरापासून लांब म्हटलं की आपल्या पोटात कालवतंच. मी सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला राहते, आमच्या गल्लीतली बरीच जोडपी अशी जाऊन आलीत, एक सध्या गेलेलं आहे, त्यामुळे लिहितेय ते बघून आणि त्यांच्याच तोंडून ऐकून.

प्रश्न: ताई, आम्ही लीहायला राहतो. शेजारचे आजी-आजोबा, आमची मुलं त्यांना ग्रँडपा-ग्रँडमाच म्हणतात, सप्टेंबरमध्ये 18 महिन्यांसाठी फिलिपाईन्सला मिशनवर गेले. दरवर्षी दिवाळीत आमच्याकडून फराळाचं ताट जायचं आणि नाताळात त्यांच्याकडून फज आणि घरी भाजलेला ब्रेड यायचा. ह्या वर्षी त्यांचं घर अंधारात असणार ह्या विचारानेच मुलगी रडवेली होते. ते दोघं तिकडे नाताळ कसा करतील? आणि आम्ही काय पाठवावं? (एक आई, लीहाय, युटा)

उत्तर: पहिलं म्हणजे त्यांची काळजी करू नका, फिलिपाईन्समध्ये नाताळात एकटं पडणं फार अवघड आहे. तिकडे नाताळ सप्टेंबरलाच लागतो, खरंच सांगतेय, सप्टेंबर उजाडला की दुकानांत नाताळाची गाणी सुरू होतात ती जानेवारीपर्यंत थांबत नाहीत, म्हणजे तुमचे शेजारी विमानतळावर उतरले तेव्हाच त्यांच्या कानावर ती पडली असणार. रस्त्यारस्त्यावर पारोल टांगलेले असतात, बांबूच्या काड्यांची चांदणी आणि त्यावर रंगीत कागद, आत दिवा, अगदी आपला आकाशकंदील बघा. पाम्पांगा प्रांतात सान फर्नांडो म्हणून शहर आहे तिथे तर अवाढव्य पारोल करून त्यांची स्पर्धा लावतात. 16 ते 24 डिसेंबर रोज पहाटे कॅथलिक लोकांची मिस्सा असते, सिंबांग गाबी म्हणतात तिला, आणि ती सुटली की चर्चच्या बाहेर गरमगरम बिबिंका विकायला बसलेले असतात. गोव्याची थरांची बिबिंका नव्हे, ही तांदळाच्या पिठाची, केळीच्या पानावर, खाली निखारे आणि वरही निखारे ठेवून भाजलेली.

तुमचे शेजारी त्या मिस्सेला जाणार नाहीत, त्यांच्या चर्चमध्ये ती पद्धत नाही. मध्यरात्रीची प्रार्थना नाही, आणि 25 तारीख रविवारी आली नाही तर त्या दिवशी चर्चमध्ये सभाही नसते, नाताळाची गाणी आणि प्रवचन जवळच्या रविवारी होतं, पाव आणि पाण्याचा विधी नेहमीसारखाच. पण त्याआधी कधीतरी तिथल्या वॉर्डची, म्हणजे त्या भागातल्या सभासदांची ख्रिसमस पार्टी असते आणि ती मात्र दणक्यात होते. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, जिथे एरवी बास्केटबॉल खेळतात, तिथे प्रत्येक गटाचा नाच, गाणं, गिफ्टची अदलाबदल आणि जेवण. तिकडची पोरं वडीलधाऱ्यांचा हात हातात घेऊन स्वतःच्या कपाळाला टेकवतात, लोलो आणि लोला म्हणतात, म्हणजे आजोबा नि आजी. आमच्या गल्लीतल्या एक आजी सेबूहून परत आल्यावर सांगत होत्या की पहिल्यांदा एका अनोळखी मुलाने असा हात कपाळाला लावला तेव्हा मला रडूच फुटलं, कारण घरच्या नातवंडांना भेटून तोवर कितीतरी महिने झाले होते.

24 च्या रात्री नोचे बुएना. बारा वाजता घरातले सगळे एकत्र जेवायला बसतात, हॅम असतं, लाल मेणात गुंडाळलेलं गोल चीज असतं, गोडसर सॉसमधलं स्पॅगेटी, पान्सित म्हणजे त्यांच्या शेवया, क्रीम घातलेलं फ्रूट सॅलड. चर्चमधली कुठली ना कुठली फॅमिली तुमच्या शेजाऱ्यांना हमखास बोलावणार, बहुतेक दोन-तीन फॅमिली बोलावतील आणि मग कुठे जायचं हा प्रश्न पडेल, आणि युटातली ही माणसं रात्री नऊला झोपणारी हो, बारापर्यंत जागायचं म्हणजे दुपारी झोप काढून ठेवावी लागते.

आता त्यांचं स्वतःचं. युटातल्या ह्या घरांमध्ये 24 च्या संध्याकाळी लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय मोठ्याने वाचतात आणि नातवंडं येशूजन्माचा देखावा करतात. गेल्या नाताळात आमच्या शेजारच्या घरी आम्हाला बोलावलं होतं, आजी-आजोबा सेवेवर होते म्हणून सगळं धाकट्या मुलीने तिच्या घरी ठेवलं होतं. मेंढपाळांच्या डोक्यावर बाथरूममधले टॉवेल बांधलेले, मारिया सहा-सात वर्षांची, कुशीत प्लास्टिकचं बाळ, आणि शेकोटीच्या वरच्या फळीवर मोबाईल टेकवून ठेवलेला. वाचन आजोबाच करत होते, तिकडून, फोनवरून. युटात 24 ची संध्याकाळचे पाच वाजलेले असतात तेव्हा मनिलात 25 ची सकाळचे आठ झालेले असतात, पंधरा तासांचा फरक, त्यामुळे ही वेळ दोन्हीकडे मस्त जमते. मध्येच आवाज अडकला तर मोठा नातू पुढची ओळ म्हणायचा, त्याला पाठ होती, आणि देवदूत झालेली चिमुरडी स्टूलवर चढून फोनच्या एकदम जवळ नाक नेऊन विचारत होती की माझे पंख दिसतायत का. पंख दिसत नव्हते, नुसतं नाक दिसत होतं, पण आजी म्हणाल्या सगळे दिसतायत ग.

हे सगळं ऐकून तुमच्या लक्षात येईल, की ज्यांचा नाताळ तिकडे चांगला जातो ती जोडपी युटाचा नाताळ जसाच्या तसा तिकडे उभा करायच्या नादाला लागत नाहीत. एक गोष्ट घरची धरून ठेवतात, बाकी सगळं तिथल्या माणसांकडून घेतात. जी जोडपी तेच ताट, तेच रोल, तीच सजावट करायला जातात ती दमतात, कारण भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोन शेगड्या असतात पण ओव्हन बऱ्याचदा नसतोच, आणि डिसेंबरात 28-30 डिग्री उकाडा असतो.

अजून एक लक्षात ठेवा, मानवतावादी कामावर गेलेल्यांचा डिसेंबर आपल्या हातात नसतो. 2021 मध्ये 16 डिसेंबरला ओडेट वादळ आलं, सेबू, बोहोल, सुरिगाव सगळीकडे हाहाकार, नाताळ नऊ दिवसांवर. त्याआधी 8 नोव्हेंबर 2013 च्या योलांडा वादळात सहा हजारांवर माणसं गेली, ताक्लोबान भागात चर्चच्या इमारतींमध्ये हजारो लोक आसऱ्याला होते आणि तिथल्या दोनशेच्या आसपास तरुण मिशनरींना मनिलाला हलवावं लागलं. अशा वर्षी नाताळ म्हणजे ताडपत्री, तांदूळ आणि पिण्याचं पाणी. त्यामुळे 25 ला फोन लागला नाही तर घाबरून जाऊ नका.

पाठवायचं काय? जड काहीही पाठवू नका. दोघांना परत दोन-दोन बॅगांतच सगळं आणायचंय, आणि पार्सल कस्टममध्ये अडकलं की सोडवायला अख्खा दिवस जातो. मुलांना एक चित्र काढू दे, एक गाणं रेकॉर्ड करू दे, तेवढं पुरतं. पैसे खर्च करायचेच असतील तर नाताळात चर्चची गिव्हिंग मशीन लागतात, 2017 ला सॉल्ट लेकमध्ये सुरू झाली, चिप्सच्या मशीनसारखंच दिसतं पण बटण दाबलं की कोणाला तरी कोंबड्या जातात, कोणाला लस, कोणाला शेळी, मुलांना ते फार आवडतं, शेजाऱ्यांच्या नावाने एक बटण दाबा आणि फोटो पाठवा. आणि ते अंधारं घर, त्यांच्या मुलीला विचारून पुढच्या कठड्यावर दिव्यांची एक माळ तुम्हीच लावा ना. बर्फ पडला की त्यांचा ड्राईव्हवे वॉर्डातले लोक आळीपाळीने साफ करतात, त्यात एक पाळी तुमच्या मिस्टरांनी घ्यावी. त्या माणसांना ह्याचं किती वाटतं हे मी पाहिलंय.

प्रश्न: ह्या लोकांना चर्च पगार देतं का? कुठे जायचं ते स्वतः ठरवतात का? आणि घरी फोन करायला बंदी असते असं ऐकलं. (निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर: सर, पगार अजिबात नाही, उलट जायचा-राहायचा खर्च स्वतःच्या पेन्शनमधून. मुदत सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत असते. इच्छा सांगता येते, हा देश चालेल, हे काम जमेल, पण शेवटी चर्च पाठवेल तिथे जायचं. कोणी ऑफिस सांभाळतं, कोणी स्वच्छ पाणी आणि व्हीलचेअरच्या प्रकल्पांवर, कोणी त्यांच्या मंदिरात (रविवारच्या चर्चहून वेगळी, खास विधींची इमारत), कोणी जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचे फोटो काढण्यावर, डॉक्टर-नर्स असतील तर तरुण मिशनरींची तब्येत बघायला.

फोनचं म्हणाल तर ते तरुणांचं होतं. 18-19 वर्षांची जी पोरं-पोरी दारोदार फिरताना दिसतात त्यांना फेब्रुवारी 2019 पर्यंत वर्षातून फक्त दोनदा घरी फोन करायची परवानगी होती, नाताळ आणि मदर्स डे. आता दर आठवड्याला करता येतो. ज्येष्ठ जोडप्यांवर तसलं बंधन नसतं, आणि घरी खूपच महत्त्वाचं काही असलं तर स्वखर्चाने थोड्या दिवसांसाठी येताही येतं. नाताळात ही जोडपी त्या तरुण पोरांचेच आईबाप होतात, हे मला ह्या सगळ्यातलं सगळ्यात गोड वाटतं. वीसेक पोरं एका छोट्या फ्लॅटमध्ये, ह्यांनी पॅनकेक करत राहायचं आणि त्यांनी खात राहायचं, एखादा कोपऱ्यात गप्प बसलेला असतो त्याच्या पाठीवर हात ठेवायला कोणीतरी आजीच्या वयाचं लागतं.

प्रश्न: मी पुण्याचा, कामासाठी मनिलात असतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एक अमेरिकन जोडपं आहे, काळी नेमप्लेट लावतात, एल्डर अमुक आणि सिस्टर तमुक. लिफ्टमध्ये ओळख झाली आणि त्यांनी मला थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या आभार मानायच्या सणाच्या, जेवणाला बोलावलंय. मी शाकाहारी आहे. जाऊ का? काय नेऊ? आणि मला त्यांच्या धर्मात ओढायला तर बोलावलं नसेल ना? (एक वाचक, मनिला)

उत्तर: जा, जरूर जा. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, तिकडे तो साधा कामाचा दिवस, सुट्टी नाही, त्यामुळे बरीच जोडपी संध्याकाळी जमतात नाहीतर शनिवारवर ढकलतात. तारीख त्यांना परत विचारून घ्या. मनिलाचं त्यांचं मंदिर क्वेझोन सिटीत आहे, 1984 चं, त्याच्या शेजारीच ट्रेनिंग सेंटर, त्यामुळे त्या भागात अशी जोडपी बरीच असतात आणि सगळ्यांनी मिळून एक जेवण करायचं असं ठरतं. टर्की मिळाली तर मिळाली, महाग आणि फ्रीझरमधली असते, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातली कोळशावर भाजलेली कोंबडी. पाय (pie), म्हणजे पारीत गोड सारण घालून भाजतात तो पदार्थ, डब्यातल्या भोपळ्याऐवजी तिथल्या कालाबासाचा, म्हणजे लाल भोपळ्याचाच, रताळी तर बाजारात ढिगाने असतात. तुम्ही उपाशी राहणार नाही, बटाटे, रताळी, बीन्स, ब्रेड, सॅलड, पाय, एवढं तरी असतंच, फक्त ग्रेव्ही आणि स्टफिंगला हात लावायच्या आधी विचारा, त्यात मांसाचा रस असतो, आणि जेलीच्या गोड पदार्थात जिलेटिन असतं. युटाच्या लोकांना ती जेली अतिशय प्रिय, त्यामुळे ती असणारच.

न्यायचं म्हणाल तर बासुंदी, गाजराचा हलवा, श्रीखंड काहीही न्या, गोड ह्या लोकांना मनापासून आवडतं. वाईनची बाटली मात्र चुकूनही नको. चहा-कॉफीही चालत नाही, कॉफीचा स्वाद असलेली मिठाईसुद्धा टाळा. जेवणाआधी कोणीतरी छोटी प्रार्थना म्हणेल, तेव्हा डोळे मिटून शांत उभं राहिलं की झालं. मग प्रत्येकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते एकेक सांगायचं असतं, तुमच्यावरही पाळी येईल, तयारी ठेवा, दोन वाक्यं पुरतात.

धर्माचं विचारलंत ते बरं केलंत. हे मिशनरी आहेत, त्यांचा त्यांच्या श्रद्धेवर पूर्ण विश्वास आहे आणि कोणी विचारलं तर ते आनंदाने सांगतील, कदाचित रविवारी चर्चला या असंही म्हणतील. तुम्हाला नको असेल तर हसून सरळ सांगा, थँक यू, पण माझी माझी श्रद्धा आहे. माझा अनुभव असा की एकदा स्पष्ट सांगितलं की विषय संपतो आणि मैत्री तशीच राहते. मोघम 'बघू', 'येईन कधीतरी' असं आपण भिडेपोटी म्हणतो ना, त्याने मात्र गैरसमज होतो, त्यांना ते खरंच वाटतं आणि ते वाट बघतात. आणि हो, मॉर्मन म्हणालात तर ते रागावणार नाहीत, पण 2018 पासून चर्चने पूर्ण नाव वापरायला सांगितलंय, येशू ख्रिस्ताचं लॅटर-डे सेंट्सचं चर्च, तर ते तसं म्हणताना ऐकलंत तर दुसरंच कुठलं चर्च समजू नका.

प्रश्न: माझी मुलगी युटात असते, जावई अमेरिकन आणि त्या चर्चचे. मुलीचं बाळंतपण डिसेंबरमध्ये आहे आणि तिचे सासू-सासरे ऑक्टोबरमध्ये घानाला चाललेत, 18 महिने! पहिलं नातवंड, पहिला नाताळ, आणि हे देवाच्या कामाला. घरचं सोडून परक्यांची सेवा, हे मला स्वार्थीपणाचं वाटतं. मी चूक आहे का? (एक आजी होणारी, ठाणे)

उत्तर: तुम्हाला वाईट वाटणं अजिबात चूक नाही. आपल्याकडे बाळंतपण म्हणजे घरातल्या बायांनी कमरेला पदर खोचायचा प्रसंग, आणि ज्यांनी हजर असायचं तेच बॅगा भरतायत म्हटल्यावर मनाला लागणारच. पण स्वार्थी हा शब्द मला पटत नाही. स्वार्थी माणूस स्वतःच्या पेन्शनचे पैसे घालून, गुडघे दुखत असताना, धुळीच्या वाऱ्यात खेडोपाडी नवजात बाळांना श्वास द्यायचं प्रशिक्षण ठरवायला जात नाही. आणि ह्या लोकांचं जाणं आयत्या वेळी ठरत नाही, आयुष्यभर मनात असतं, मुलं लहान असताना ठरवलेलं असतं की निवृत्तीनंतर आपण दोघं जायचं. साठीनंतर दोघांचीही तब्येत एकाच वेळी धड असण्याची काही वर्षंच मिळतात, त्यात मेडिकल तपासणी असते, एकाचा हार्टचा रिपोर्ट बिघडला की संपलं.

तरी एक गोष्ट मी स्पष्ट म्हणेन. कधीपासून जायला मोकळे आहोत ती तारीख अर्जात जोडपंच लिहितं. ती दोन-तीन महिने पुढची लिहिता आली असती का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण तो जावयांनी आपल्या आईला विचारायचा, तुम्ही नाही आणि मुलीनेही नाही. कदाचित अर्ज झाला तेव्हा बाळाची बातमीच नसेल, ते आधी शांतपणे विचारून घ्या. आणि बोलावणं येऊन गेलं असेल, आता तारीख हलणार नसेल, तर मग तो विषय बंद करा, कारण बाळंतिणीच्या कानावर रोज तो जाणं तिच्यासाठी चांगलं नाही.

एक मला त्या घरांमध्ये जवळून दिसलंय, ते सांगते. नाताळाचा खरा त्रास होतो तो त्या आईला. तीस-चाळीस वर्षं जिच्या घरी सगळे जमायचे, जिने सगळ्यांचे मोजे शेकोटीवर टांगले, रोल भाजले, ती कुठेतरी पंख्याखाली बसून फोनवर बघत असते की आपल्या टेबलावर आता सून बसलीय. त्या रडतात. ह्या बाबतीत कोणी खोटं सांगत नाही. एकीने मला सांगितलं होतं, डिसेंबरचे पहिले दोन आठवडे मी रोज परत जायचा विचार करायचे. म्हणजे तुमच्या विहीणबाई सुखात निघाल्यात असं समजू नका.

घाना आणि युटात हिवाळ्यात सात तासांचा फरक आहे, फिलिपाईन्सपेक्षा खूपच सोपं, युटात सकाळचे दहा म्हणजे अक्रात संध्याकाळचे पाच, रोज बाळाला दाखवता येईल. डिसेंबरात तिकडे सहाराकडून हरमाटनचा कोरडा वारा येतो, आकाश धुळीने पांढरं होतं, पण नाताळ जोरात असतो, नवे कपडे, जोलोफ भात, बकऱ्याचं मटण, फुफू, आफेहिया पा म्हणून एकमेकांना शुभेच्छा. अक्राला 2004 पासून मंदिर आहे, सभासद पुष्कळ आहेत, विहीणबाई-व्याही तिथे एकटे पडणार नाहीत. एकटी पडू नये ती तुमची मुलगी, आणि त्याला उत्तर तुम्ही आहात. व्हिसा असेल तर तिकीट काढा, नसेल तर आजच अपॉइंटमेंट बघा. डिंकाचे लाडू चेक-इन बॅगेत घाला आणि कस्टमच्या फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत असं लिहा. आणि वॉर्डातल्या बायका जेवणाचे डबे घेऊन दारात येतील, बाळंतपणानंतर आठवडाभर तरी येतातच, त्यांना नको म्हणू नका, घ्या. मुलीला तिखट-आंबट टाळायचं असेल तर आधीच सांगून ठेवा.

प्रश्न: मॉर्मन मिशनरी आपल्या महाराष्ट्रात कधी आले होते का? (कॉलेज विद्यार्थी, सातारा)

उत्तर: आले होते, आणि खूप आधी. 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचे मिशनरी मुंबईत उतरले आणि तिथून पुण्यात गेले, तिथे छोटीशी शाखाही उभी केली, ऐकणारे मुख्यतः ब्रिटिश शिपाई आणि त्यांची कुटुंबं. फारसं रुजलं नाही, काही वर्षांतच सगळं आटोपलं. चर्चचं भारतातलं आताचं काम अगदी अलीकडचं, बेंगळुरूचं मिशन, म्हणजे मिशनरींच्या कामाचा विभाग, 1993, नवी दिल्लीचं 2007, हैदराबादला 2012 मध्ये पहिला स्टेक, म्हणजे बऱ्याच वॉर्डांचा मिळून एक मोठा विभाग, आणि बेंगळुरूच्या मंदिराची घोषणा 2018 ची. इतिहासात रस असेल तर पुण्याच्या कँटोन्मेंटच्या त्या काळाबद्दल वाच, त्यात अजून बरंच सापडेल.

प्रश्न: आमच्या सोसायटीत (पुणे) एक अमेरिकन आजी-आजोबा काही महिन्यांसाठी आलेत, ह्याच चर्चचे, कुठल्यातरी सेवा प्रकल्पावर. नाताळात त्यांचं इथे कोणी नाही म्हणून आम्हाला त्यांना घरी जेवायला बोलवायचंय. पण चहा घेत नाहीत असं कळलं. पाहुण्याला चहा न देता करायचं काय? आणि आमच्या घरात देवघर आहे, त्यांना चालेल ना? (एक काकू, कोथरूड)

उत्तर: काकू, तुम्ही बोलावताय हेच त्यांना पुरेसं आहे, पण विचारलंय तर सगळं सांगते.

चहा नाही, कॉफी नाही, दारू-तंबाखू नाही, हा त्यांचा 1833 पासूनचा नियम. चहा म्हणजे चहाची पत्ती, मग ती काळी असो नाहीतर ग्रीन टी. आलं, गवती चहा, वेलची, गूळ घालून उकळलेलं पाणी त्यांना चालतं, पण 'गवती चहा' ऐकून ते दचकतील म्हणून आधीच ती पात हातात देऊन वास घ्यायला सांगा. कोकम सरबत, ताक, सोलकढी, मसाला दूध, ह्यातलं काहीही चालेल, आणि थंडीत संध्याकाळी केशर घातलेलं गरम मसाला दूध दिलंत तर मला वाटतं ते चहाची चौकशीसुद्धा करणार नाहीत. बेकरीतून केक आणणार असाल तर नाताळाच्या प्लम केकमध्ये रम असते का ते विचारा, बिनारमचाही मिळतो. मटण-चिकन त्यांना चालतं, पण मला विचाराल तर पुरणपोळी, मटार उसळ, साधं वरण-भात-तूप, बटाट्याची भाजी असं करा, तिखट बेतानेच. वसई किंवा गोव्याकडची कोणी ओळखीची असेल तर नेवऱ्या आणि कुलकुल मागवा, म्हणजे त्यांना कळेल की नाताळ इथेही पिढ्यान्‌पिढ्या होत आलाय, हे बऱ्याच अमेरिकन माणसांना माहीतच नसतं.

देवघराचं टेन्शन घेऊ नका. आदराने बघतील, प्रश्न विचारतील, मनापासून विचारतील. प्रसाद द्यायचा असेल तर काय आहे ते सांगून समोर ठेवा, घेतला तर घेतला, नाही घेतला तर आग्रह करू नका, आणि आरतीला उभं राहा असंही म्हणू नका, त्यांच्या श्रद्धेचीही मर्यादा असते आणि भिडेने त्यांना अवघडल्यासारखं होईल. जेवणाआधी आपण प्रार्थना करू का असं विचारतील, हो म्हणा, अर्ध्या मिनिटाची असते, तुमच्या घराचं भलं व्हावं असंच त्यात म्हणतात. त्यांना एल्डर आणि सिस्टर म्हणून आडनावाने हाक मारायची पद्धत आहे, पण काका-काकू म्हणालात तर त्यांना जास्त आवडेल.

घरच्या कोणाचा फोन आला तर उठून बोलायला एक शांत खोली मोकळी ठेवा, नातवंडांचा असणार. आपल्याकडे 25 ची संध्याकाळचे सात म्हणजे युटात 25 ची सकाळचे साडेसहा, पोरं नुकतीच उठून भेटवस्तू उघडायला बसलेली असतात. वायफायचा पासवर्ड एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. दिवस ठरवताना रविवार टाळलेला बरा, आणि महिन्याचा पहिला रविवार तर नकोच, तो त्यांचा उपासाचा असतो. आणि जेवण साडेसहाला वाढा, आपल्यासारखं साडेनऊला नको, ही माणसं लवकर जेवतात आणि भूक लागली तरी तुम्हाला सांगणार नाहीत.